वयांतर असलेली समलिंगी पुरुष जोडपी आणि एचआयव्ही प्रतिबंध

दोन प्रौढ पुरुषांच्या नात्यात दहा-पंधरा वर्षांचे अंतर असले, की एचआयव्हीपासून बचावाचा प्रश्न थोडा अवघड होतो. थोरल्याची लैंगिक आयुष्याची वर्षे जास्त, म्हणून पूर्वी कधीतरी लागण झालेली असण्याची शक्यताही जास्त. त्यातच घर त्याचे, खर्च त्याचा. मग ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ एवढे विचारले, की धाकट्याच्या हातातले निरोधचे पाकीट खिशात परत जाते. खरा धोका या गप्प बसण्यात आहे.

मात्र थोरला पॉझिटिव्ह असला म्हणजे नाते संपले, ही समजूत चुकीची आणि क्रूर आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर-२’ या युरोपीय अभ्यासात एक जोडीदार पॉझिटिव्ह असलेली ७८२ समलिंगी जोडपी होती. निरोधाविना सुमारे ७६ हजार संबंध येऊनही, एआरटी (एचआयव्हीवरील उपचाराच्या) गोळ्यांनी व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) दबलेल्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. उलट नुकतीच लागण झालेल्या, चाचणी न केलेल्या तरुणाच्या रक्तात विषाणू अतोनात असतो आणि पहिले काही आठवडे चाचणीही निगेटिव्ह येऊ शकते. वय पाहून अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

निगेटिव्ह जोडीदाराला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ‘प्रेप’च्या, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या, गोळ्या घेता येतात. धोक्याचा प्रसंग घडून गेला असेल, तर ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके चांगले, ‘पेप’ (प्रसंगानंतर लागण टाळण्यासाठीचे औषध) सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. गुप्तरोगांपासून मात्र या गोळ्या वाचवत नाहीत. त्यासाठी निरोध आणि नियमित तपासणी हवीच. घरोघरी हाताशी असलेले खोबरेल तेल लावले तर लॅटेक्सचा निरोध फाटतो. पाण्यात विरघळणारे वंगणच वापरावे.

भारतात प्रौढांमधील समलिंगी संबंध २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गुन्हा उरले नाहीत. अठरा वर्षांखालील मुलाशी संबंध हा मात्र पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली गुन्हाच आहे. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही संस्था १९९४ पासून समलिंगी समाजात काम करत आहे. सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी (समुपदेशन आणि चाचणी) केंद्रांत चाचणी मोफत होते आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार ती संमतीशिवाय करता येत नाही. जोडपे एकत्र आले आणि धाकट्याला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे थोरलाच देऊ लागला, तर समुपदेशकाने दोघांशी वेगवेगळे बोलावे. १०९७ या एड्स हेल्पलाइनच्या क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते.