सोळा कामट्यांची अडचण

टोपलीच्या उभ्या कामट्या सोळा घ्या आणि एकच लांब पट्टी एकीच्या बाहेरून, दुसरीच्या आतून अशी फिरवत जा. पहिला फेरा झकास होतो. दुसऱ्या फेऱ्यात पट्टी पहिल्या कामटीपाशी येते आणि पुन्हा बाहेरूनच जाते, कारण सोळा सम आहेत. तिसऱ्या फेऱ्यातही तेच. सगळे फेरे एकाच चालीने एकावर एक बसतात, कामट्यांना धरून कुणीच ठेवत नाही. सतरा घेतल्या की चाल प्रत्येक फेऱ्याला उलटते आणि वीण आवळत जाते.

आमच्या चंद्रपूरकडच्या मूल तालुक्यात मानवेल बांबू सोलणाऱ्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. मला ते लॅपटॉपवर, तीन रात्री डोकं खाजवून कळलं.

मी शिकतोय ते पॅरामेट्रिक डिझाइन. नाव मोठं असलं तरी धानाच्या हिशेबाचा एक्सेल तक्ता ज्याने केला, त्याला ते निम्मं येतंच. भाव बदलला की खालची बेरीज आपोआप बदलते. इथे बेरजेच्या जागी आकार असतो. आपण टोपली काढत नाही, टोपली काढायची रीत मांडतो. ही रीत पडद्यावर चौकोनांनी आणि तारांनी दिसते: एका चौकोनातून आकडा निघतो, तारेने पुढच्यात जातो, तिथे त्याचं वर्तुळ होतं, पुढे वर्तुळाची भिंत. तारा एकाच दिशेने वाहतात. मधला आकडा हलवला की त्याच्या पुढचं सगळं आपोआप बदलतं, मागचं शाबूत राहतं. म्हणून बदल डोळ्यांदेखत दिसतो.

कल्पना संगणकाहून जुनी आहे. स्पेनमधल्या अंतोनी गौदी या वास्तुविशारदाने एका चर्चसाठी छताला दोऱ्या टांगल्या आणि त्यांना छर्‍यांच्या पिशव्या अडकवल्या. एक दोरी आखूड केली की सगळं जाळं आपली जागा बदले. ते उलटं पाहिलं की दगडी कमानींचा आकार मिळे. पुढे १९६३ साली अमेरिकेत इव्हान सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’ने पडद्यावरच्या रेघांना ‘समांतर राहा’ असं बजावून ठेवायची सोय केली. तारा-चौकोनांची पद्धत वास्तुविशारदांमध्ये रुजवली ती डेव्हिड रुटन यांच्या ‘ग्रासहॉपर’ने, २००७ पासून. पण ते ज्या सॉफ्टवेअरवर चालतं ते विकत घ्यावं लागतं. ‘ब्लेंडर’ हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात फेब्रुवारी २०२१ पासून ‘जिऑमेट्री नोड्स’, म्हणजे असेच तारा-चौकोन आले, म्हणून माझ्यासारख्याची सोय झाली.

रोज रात्री अर्धा तास, एवढाच नेम. लाइन गेली तर तेवढ्यावर थांबायचं. ब्लेंडर दर दोन मिनिटांनी स्वतःच फाइल राखून ठेवतं, त्यामुळे फार रडावं लागत नाही. रोज नवं काही करायचं नाही, तीच टोपली पुन्हा कोऱ्या पडद्यापासून मांडायची. हे कंटाळवाणं वाटेल. पण कालची फाइल उघडली की काल आपण काय केलं एवढंच कळतं. कोरी उघडली तर का केलं, ते आठवावं लागतं.

वीण मांडायला ‘स्पायरल’ नावाचा चौकोन घेतला. त्याला एका फेऱ्यात किती बिंदू हवेत ते सांगता येतं. बिंदूच्या क्रमांकाला दोनाने भागायचं. बाकी शून्य तर बिंदू बाहेर सरकवायचा, एक तर आत. सोळा टाकले आणि टोपलीऐवजी चुण्या पडलेला पत्रा दिसला. सतरा टाकले, वीण उमटली. तिसऱ्या रात्री आपण नेमकं काय पाहिलं ते कळलं.

मग हुरूप आला आणि मी अकरा स्लायडर, म्हणजे सरकवून बदलायचे अकरा आकडे, असलेली टोपली मित्रांच्या ग्रुपवर टाकली. नागभीडच्या मित्राने व्यास दुप्पट केला, कामट्या तितक्याच ठेवल्या, आणि आरपार हात जाईल अशा फटींचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी माझी फाइल परत आली, तीनच स्लायडर उरलेली. कामट्यांचा स्लायडर त्याने काढूनच टाकला होता, त्या जागी एक सूत्र होतं. परीघाला चार सेंटिमीटरने भागायचं, येईल त्याचं निम्मं करायचं, अपूर्णांक सोडायचा, दुप्पट करून एक मिळवायचा. व्यास ३६ सेंटिमीटर असेल तर परीघ ११३, भागाकार २८ च्या वर, निम्मे १४, आणि कामट्या २९. काहीही टाका, आकडा विषमच. कोणता आकडा मोकळा सोडायचा आणि कोणता बांधून टाकायचा, हे मला त्याच्या तारा एकेक सुट्या करून पाहताना कळलं. व्हिडिओ पाहून ते कळलं नसतं असं माझं मत आहे. व्हिडिओत कुणी आपली चूक दुरुस्त करत नाही.

परवा ती टोपली मोबाइलवर घेऊन गल्लीतल्या मावशींकडे गेलो. त्या सूप बांधत बसल्या होत्या. त्यांनी पडदा लांब धरून पाहिला.

“बूड कुठी हाय बाबू?”

बूड नव्हतंच. मी भिंतच विणली होती. मावशींनी चार पट्ट्या जमिनीवर एकमेकींवर आडव्यातिडव्या टाकल्या आणि टोकं वर वळवली. चार पट्ट्यांची आठ टोकं. कितीही पट्ट्या घ्या, प्रत्येकीला दोनच टोकं, म्हणजे कामट्या कायम जोडीनेच उभ्या राहणार. मग त्यांनी एक टोक सुरीने मधोमध चिरलं. झाल्या नऊ.

मित्राच्या सूत्रातले ते १४ म्हणजे बुडाच्या पट्ट्या, आणि मिळवलेला एक म्हणजे हे चिरलेलं टोक. सूत्र आम्ही नुसतं आकडा विषम यावा म्हणून जुळवलं होतं. आता बूड मांडायला घेतलंय. चौदा पट्ट्या सारख्या कोनात फिरवणं सोपं आहे, एका चौकोनात होतं. फक्त एकच टोक चिरायचं आणि बाकीच्यांनी थोडं सरकून त्याला जागा द्यायची, हे तारांना कसं सांगायचं त्यावर सध्या अडलोय.