साडेसहा फरशा

मावशीबरोबर भाजी आणायला गेलं की एक गोष्ट हमखास होते. चालता चालता तिला काही विचारलं की ती थांबते. "परवाच्या लग्नाला कोण कोण आलं होतं गं?" एवढं विचारायचा अवकाश, पाय जागच्या जागी. आठवून, सांगून झालं की स्वारी पुढे निघणार. घरात सगळे हसायचे. बोलघेवडीच ती, बोलायला लागली की रस्त्याचं भान कुठलं राहायला!

स्वीडनमधल्या उमेओच्या संशोधकांनी नेमकी हीच लकब हेरली आणि १९९७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. वृद्धांसाठीच्या निवासात राहणाऱ्या ५८ जणांशी त्यांनी चालता चालता गप्पा मारल्या. १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. हा अभ्यास तोल जाण्याविषयीचा होता, विसरण्याविषयीचा नव्हे. पण चालणं हे एकट्या पायांचं काम नाही, हे त्यातून लख्ख दिसलं.

तरुणपणी आपण फोनवर भांडत, खड्डे चुकवत, रिक्षाला हात करत चालतो. मेंदूला त्याचं काहीच वाटत नाही. वय वाढलं की तेच पाऊल टाकायला कपाळामागच्या भागाला जास्त लक्ष द्यावं लागतं. आणि हाच भाग आठवायला, ठरवायला, हिशेब करायलाही लागतो. एकाच बाईने पोळ्या लाटायच्या आणि दारावरच्या माणसाशी बोलायचं, तसं. काहीतरी एक थांबणारच. त्यात मेंदूच्या आतल्या भागातून जाणारे पांढऱ्या तंतूंचे जुडगे अतिशय बारीक रक्तवाहिन्यांवर जगतात. वर्षानुवर्षं चढलेलं बीपी आणि साखर आधी याच वाहिन्या खराब करते. मग पायांकडे जाणारे निरोपही रेंगाळतात आणि आठवणींचेही.

न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधले तेव्हाचे मेंदुविकारतज्ज्ञ जो वर्गीस यांनी या दोन धाग्यांची गाठ मारली. माणूस वयाच्या मानाने हळू चालतो आणि 'हल्ली विसरायला होतं' अशी तक्रारही आहे, पण डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेला नाही, स्वतःची कामं स्वतः करतो. या अवस्थेला त्यांनी २०१३ मध्ये नाव दिलं: मोटॉरिक कॉग्निटिव्ह रिस्क सिंड्रोम. नाव बोजड, कल्पना साधी. पुढच्याच वर्षी १७ देशांमधल्या २२ अभ्यासांतली, साठी ओलांडलेल्या २६,८०२ जणांची माहिती एकत्र करून पाहिली, तर साधारण दहातला एक जण या व्याख्येत बसला. त्यातल्या चार अभ्यासांमधल्या लोकांचा पुढे बारा वर्षांपर्यंत मागोवा घेतला. ही जोडी असलेल्यांना डिमेन्शिया होण्याची शक्यता इतरांच्या जवळपास दुप्पट निघाली. दुप्पट म्हणजे ठरलेलीच, असं मात्र नाही. यातल्या कित्येकांना तो कधीच होत नाही.

ही अवस्था ओळखायच्या तपासणीला ना एमआरआय लागतो, ना रक्त. घड्याळ लावून चाल मोजायची आणि विसरण्याबद्दल विचारायचं. कोझिकोडमध्ये चाललेल्या केरळ-आइन्स्टाइन अभ्यासात ती वापरली गेली (आइन्स्टाइनचा संबंध कॉलेजच्या नावापुरताच). भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्यांसाठी मेंदुविकारतज्ज्ञ कुठून आणायचे? घड्याळ मात्र तालुक्याच्या दवाखान्यातही असतं.

घरीही असतं. दोन बाय दोन फुटांच्या साडेसहा फरशा म्हणजे जवळजवळ चार मीटर. आधी दोन फरशा वेग घ्यायला आणि नंतर दोन थांबायला सोडायच्या. नेहमीच्या चालीने चालायला सांगायचं, 'भरभर चाल' म्हणायचं नाही. चार सेकंदांच्या आसपास लागले तर चाल सेकंदाला एक मीटर. त्याखाली हळू, आणि ०.६ मीटरच्या खाली गेली तर नक्कीच काहीतरी बिघडलंय. हा ढोबळ आडाखा झाला. खरी तुलना त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या माणसांशी करायची असते. गुडघे झिजलेत, कानातल्या बिघाडाने तोल जातो, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तर हळू चालण्याचा मेंदूशी संबंध असेलच असं नाही.

मला राग आहे तो 'साठी बुद्धी नाठी' या आपल्या म्हणीचा. या एका ओळीने किती जणांना डॉक्टरकडे जाण्यापासून अडवलं असेल! कारण चाल आणि आठवण दोन्ही एकदम मंदावणं, यामागे बरं करता येण्याजोगी कारणंही असतात. बी-१२ ची कमतरता घ्या. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांत ती सर्रास सापडते, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही. थायरॉइड मंदावलं तरी हेच. शिवाय एक विकार असा, की मेंदूच्या पोकळ्यांमध्ये पाणी साठत जातं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे घासत पडतात, विसरभोळेपणा येतो, लघवीवर ताबा राहत नाही. कोलंबिया देशातल्या सॉलोमन हाकिम या डॉक्टरांनी १९६५ मध्ये हे चित्र जगापुढे ठेवलं. नळी बसवून ते पाणी काढून दिलं की काही रुग्ण पुन्हा नीट चालू लागतात. याला म्हातारपण म्हणून सोडून द्यायचं?

गेल्या रविवारी मावशीला पॅसेजमध्ये चालवलं. "परीक्षा घेताय का रे माझी?" म्हणत पदर खोचून निघाली. साडेसहा फरशांना सहा सेकंद. दुसऱ्या फेरीत मध्येच विचारलं, "मावशी, आज तिथी कोणती?" चौथ्या फरशीवर ती थांबली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे न बघता बरोबर तिथी सांगितली आणि मग उरलेल्या फरशा चालून गेली. दोन्ही फेऱ्यांची सेकंदं तिच्या औषधांच्या वहीत लिहून ठेवली आहेत. बुधवारी डॉक्टरांकडे जायचं आहे.