चौकटीतला आय की चौकटीवर बसलेला ओ? जुन्या बाटलीच्या बुडावरचे दोन छाप

जुनी अमेरिकन बाटली हातात आली की सगळे आधी पोटावरचं नाव वाचतात, पण ते नाव बहुतेक वेळा औषधवाल्याचं नाहीतर दारूवाल्याचं असतं, बाटली कुठल्या कारखान्यात बनली ते कळायला ती उलटी करून बुड बघायला लागतं. आणि बुडावर पत्त्यातल्या चौकटसारखा आकार दिसला की "हां, ओवेन्स-इलिनॉय कंपनीची" म्हणून लोक मोकळे होतात. इथेच घोळ होतो, कारण चौकटवाले छाप दोन आहेत आणि दोन्हीच्या वयात चांगला दहा-वीस वर्षांचा फरक पडू शकतो.

पहिला छाप साधा. चौकट आणि तिच्या आत इंग्रजी आय, बस्स. हा इलिनॉय ग्लास कंपनीचा. ही कंपनी 1873 सालची, गाव आल्टन, आणि हा छाप साधारण 1916 ते 1929 या काळातला.

दुसऱ्यात चौकट आडवी ताणलेली असते, तिच्यावर उभट ओ असा बसवलेला की तो चौकटीच्या वर आणि खाली बाहेर येतो, आणि मधोमध आय. लांबून बघितलं तर कडं घातलेला शनी ग्रह वाटतो. हा ओवेन्स-इलिनॉयचा, म्हणजे 1929 मध्ये टोलीडोची ओवेन्स बॉटल कंपनी आणि आपली वरची आल्टनवाली एक झाल्या त्यानंतरचा. ओवेन्सचा स्वतःचा आधीचा छाप चौकोनात ओ असा होता, म्हणजे दोघांच्या खुणा एकत्र करूनच नवीन छाप बनवला की काय असं बघताक्षणी वाटतंच.

आता खरी मेख. शनीवाल्या छापाच्या डावीकडचा आकडा कारखान्याचा, उजवीकडचा वर्षाचा, आणि खालचा साच्याचा. डावीकडे 9, उजवीकडे 3 असेल तर बाटली स्ट्रीटर गावच्या 9 नंबर कारखान्यात 1933 ला बनली. बरेच जण डावीकडचा 9 धरून 1939 म्हणतात, ते चूक. हीच आकडे वाचायची पद्धत चौकटीतल्या आयला लावली तर सगळंच फसतं, कारण तिथे शेजारचे आकडे बहुतेक करून साच्याचे नाहीतर मॉडेलचे असतात, त्यातून वर्ष काढायला जायचंच नाही. मी पण सुरुवातीला असं एक वर्ष काढून चार लोकांना ऐटीत सांगितलेलं, असो.

शनीवाल्यातही वर्षाचा एकच आकडा असल्याने 0 म्हणजे 1930 की 1940 हा प्रश्न राहतोच. कंपनीलाही तो पडला असणार, कारण 1940 पासून आकड्यानंतर टिंब द्यायला लागले आणि पुढे चाळीसच्या दशकातच दोन आकडे आले, म्हणजे 46 वगैरे. पण टिंब केवढंसं, झिजलं की गेलं. अशा वेळी बाटलीवर वळणदार इंग्रजी अक्षरात ड्युराग्लास (कंपनीच्या काचेचं व्यापारी नाव) लिहिलंय का बघा, तो शब्दही 1940 पासूनचा, तो दिसला की तीसचं दशक बाद.

झिजण्यावरून आठवलं, सगळ्यात जास्त गफलत त्यामुळेच होते. ओची वरची-खालची टोकं घासली गेली की शनीची नुसती आयवाली चौकट दिसायला लागते आणि 1936 ची बाटली एकदम वीसच्या दशकातली ठरते. बुड धुऊन कोरडं करा, खडू चोळून जादाचा पुसा आणि टॉर्च समोरून न मारता बाजूने आडवा धरा, पुसट रेघ सावलीत बरोबर वर येते. आकाराकडे पण लक्ष द्या, चौकट बरीच आडवी पसरट असेल तर शंका घ्यायचीच. बुडावरचा पिसासारख्या कडांचा गोल व्रण इथे कामाचा नाही, तो ओवेन्सच्या बाटल्या बनवायच्या मशीनचा आहे आणि ती मशीन आल्टनवाल्यांकडेही लायसन्सवर होतीच.

दारूची बाटली असेल तर काम आणखी सोपं. बाटली पुन्हा विकायला-वापरायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे असं इंग्रजी वाक्य खांद्यावर उठावात असेल तर ती 1935 ते 1964 मधली, कारण तेवढाच काळ ते वाक्य घालायची सक्ती होती, आणि इलिनॉय ग्लास हे नाव तर 1929 लाच संपलेलं, मग छाप कितीही आयवाल्या चौकटीसारखा दिसू दे, ओ कुठेतरी झिजलेलाच आहे.

आणि चौकटच नाही, नुसता ओ आणि त्याच्यात आय असेल तर तो 1954 पासूनचा नवा छाप. मध्ये काही वर्षं जुना-नवा दोन्ही चालू होते, त्यामुळे पन्नासच्या दशकातली चौकटवाली बाटली सापडली तर दचकू नका. चौकटीत डी असेल तर मात्र या दोघांपैकी कुणीच नाही, ती कॅनडाची डॉमिनियन ग्लास.