वरिष्ठ वेतनश्रेणी आणि निवडश्रेणी प्रशिक्षण: नोंदणीपासून प्रस्तावापर्यंत

12 वर्षे भरली की वरिष्ठ वेतनश्रेणी, म्हणजे पगाराची वरची श्रेणी, आपोआप लागेल, या भरवशावर बसलेले शिक्षक प्रत्येक तालुक्यात सापडतात. ती आपोआप लागत नाही. अर्हताकारी सेवा (लाभासाठी धरली जाणारी सेवा), राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे (एससीईआरटी, पुणे) प्रशिक्षण आणि त्यानंतर कार्यालयात सादर होणारा प्रस्ताव, हे तिन्ही पूर्ण झाले तरच आदेश निघतो.

पात्र कोण?

वरिष्ठ श्रेणीसाठी 12 वर्षांची आणि निवडश्रेणीसाठी 24 वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. सेवा मोजताना नेमणुकीची तारीख एवढेच पाहू नका. अप्रशिक्षित म्हणून केलेली वर्षे आणि बिनपगारी रजा यांमुळे तारीख पुढे सरकू शकते. म्हणून आधी सेवापुस्तक उघडून तारीख काढा, मग पुढचे बघा.

निवडश्रेणीला आणखी दोन अटी आहेत. एक, शैक्षणिक पात्रता वाढवलेली असावी लागते, डी.एड.वर लागलेल्या प्राथमिक शिक्षकाने नंतर पदवी घेतलेली हवी. दोन, ही श्रेणी वरिष्ठ श्रेणीतल्या पदांच्या 20 टक्क्यांपुरतीच मर्यादित आहे, म्हणजे सेवाज्येष्ठता यादीतला क्रमांक निर्णायक ठरतो. 24 वर्षे झाली, प्रशिक्षणही झाले, तरी लाभ अडकतो तो बहुतेक इथेच.

नोंदणी

परिषद परिपत्रक काढून ऑनलाइन नोंदणी सुरू करते. सेवा कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण झालेली हवी, हे त्या त्या परिपत्रकात दिलेले असते. प्रशिक्षणाचे चार गट आहेत: प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक आणि अध्यापक विद्यालय. मागच्या फेऱ्यांत शुल्क 2000 रुपये होते आणि ते परत मिळत नव्हते. 2022 मध्ये प्रशिक्षण ऑनलाइन झाले, 2025 मध्ये जूनच्या सुरुवातीला प्रत्यक्ष वर्ग भरले. प्रत्यक्ष वर्गांत हजेरी काटेकोर असते, त्यामुळे सुट्टीतले बेत आखण्यापूर्वी परिपत्रक वाचलेले बरे.

खरी काळजी घ्यायची ती फॉर्म भरताना. शालार्थ आयडी (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला आपला क्रमांक), मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचेच द्या. नेटकॅफेवाल्याचा किंवा शाळेतल्या लिपिकाचा ईमेल दिला की पुढचे सगळे निरोप त्यांच्याकडे जातात. नाव सेवापुस्तकात आहे तसेच लिहा. लग्नानंतर नाव बदलले असेल आणि सेवापुस्तकात माहेरचेच असेल, तर प्रमाणपत्रावरचे नाव जुळत नाही म्हणून प्रस्ताव त्रुटीत निघतो. गट निवडताना आपली पदवी पाहायची नाही, मान्यता कोणत्या स्तरावरच्या पदाला आहे ते पाहायचे. बी.एड. झालेले प्राथमिक शिक्षक सवयीने ‘माध्यमिक’वर टिचकी मारतात, ती चूक निस्तरायला फार धावपळ होते. वरिष्ठ की निवड, हेही सबमिट करण्यापूर्वी एकदा तपासा. शुल्काची पावती आणि भरलेल्या अर्जाची प्रत लगेच छापून ठेवा.

दीक्षा ॲपवरची किंवा निष्ठा या केंद्राच्या शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाची प्रमाणपत्रे या प्रशिक्षणाऐवजी चालत नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शिक्षकांसाठी दरवर्षी 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे, ती बाब वेगळी.

प्रस्तावाची फाइल

प्रमाणपत्र हातात आले म्हणजे निम्मे काम झाले. फाइलमध्ये साधारणपणे प्रथम नेमणूक आदेश, खासगी अनुदानित शाळेत असाल तर वैयक्तिक मान्यतेचा आदेश, शैक्षणिक व व्यावसायिक पात्रतेच्या प्रती, सेवापुस्तकातील संबंधित पानांच्या साक्षांकित प्रती, गोपनीय अहवाल, विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. राखीव प्रवर्गातून नेमणूक असेल तर जात वैधता प्रमाणपत्र जोडा. जिल्हा परिषदेत स्थायित्वाचा आदेश आणि संगणक अर्हतेचे प्रमाणपत्रही मागतात. जिल्ह्याचा स्वतःचा नमुना आणि तपासणीसूची असते; ती आधी मागून घ्या आणि कागद त्याच क्रमाने लावा.

सगळ्यात जास्त वेळ जातो गोपनीय अहवालांत. बदली झालेल्या शाळेतून एखाद्या वर्षाचा अहवाल आलेलाच नसतो, तेव्हाचे मुख्याध्यापक निवृत्त झालेले असतात, आणि फाइल ‘त्रुटी’ असा शेरा घेऊन परत येते. प्रशिक्षणाची वाट पाहत असतानाच मागचे अहवाल गोळा करायला लागा.

जिल्हा परिषद शाळेचा प्रस्ताव मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी या वाटेने शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे जातो. खासगी माध्यमिक शाळेचा प्रस्ताव संस्थेमार्फत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे, तर कनिष्ठ महाविद्यालयाचा शिक्षण उपसंचालकांकडे. कुठेही दिला तरी आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच घ्या. तोंडी ‘ठेवून जा’ला अर्थ नाही.

मंजुरीचा आदेश निघाल्यावर वेतननिश्चिती करून घ्या, तिची सेवापुस्तकात नोंद आणि वेतन पडताळणी पथकाची तपासणी झाली का ते पाहा. शालार्थमध्ये नवी श्रेणी दिसू लागली तरी मागची थकबाकी त्यात आपोआप येत नाही. तिचे देयक वेगळे सादर करावे लागते.