सिलिकॉनचे वेल की सिलिकॉनचा साचा?

घणसोलीच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये गेल्या महिन्यात एक विद्यार्थिनी पारदर्शक, रुपयाएवढी चकती घेऊन आली. "मॅडम, थ्रीडी कल्चरसाठी मायक्रोवेल केलेत, पण पेशींचे गोळेच होत नाहीत." थ्रीडी कल्चर म्हणजे पेशी सपाट थरात न वाढवता गोळ्यांच्या रूपात वाढवणं, आणि मायक्रोवेल, किंवा नुसतं 'वेल', म्हणजे त्यासाठीचे बारीक खळगे. चकतीवरून बोट फिरवलं तर काचपेपरसारखं खरखरीत लागलं. तिने रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट केलेल्या मास्टरवर, म्हणजे सिलिकॉन ज्यावर ओततात त्या मूळ नमुन्यावर, ४०० मायक्रॉनचे खळगे होते. त्यात ओतलेल्या सिलिकॉनचे उंचवटे झाले आणि पेशी घरंगळून मधल्या फटींत पसरल्या.

'सिलिकॉनचे वेल' या एका नावाखाली दोन वेगळ्या पद्धती चालतात. पहिलीत पेशी थेट सिलिकॉनच्या खळग्यात राहतात, म्हणून मास्टरवर उंचवटे हवेत. दुसरीत सिलिकॉन हा नुसता साचा. त्यावर २ टक्के गरम अगारोज (समुद्री शेवाळापासूनचं जेल) ओतायचं, थिजलं की सोडवायचं आणि पेशी अगारोजच्या खळग्यांत टाकायच्या. मोदकाचा साचा आपण ताटात वाढत नाही, तसंच.

ओतकाम दोन्हीकडे सारखंच: पीडीएमएस (हेच ते सिलिकॉन) आणि ते घट्ट करणारा क्यूरिंग एजंट वजनाने १०:१, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढायचे, ६५ अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास. रेझिनचं प्रिंट मात्र आधी नीट धुऊन, यूव्हीत पक्कं करून घ्या. कच्च्या रेझिनमुळे सिलिकॉन घट्ट करणाऱ्या प्लॅटिनम उत्प्रेरकाचं काम अडतं आणि सिलिकॉन चिकटच राहतं.

खरा फरक पेशी टाकल्यावर कळतो. सिलिकॉनला पाणी नकोसं असतं. मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, ओतला की खळग्याखळग्यात हवा अडकते, म्हणून आधी ७० टक्के इथेनॉलने ओलं करावं लागतं. पेशी तळाला चिकटू नयेत म्हणून प्लुरोनिक या रसायनाचा लेपही हवा. सिलिकॉनमधून ऑक्सिजन छान जातो, ही जमेची बाजू. पण तेलकट स्वभावाची औषधं सिलिकॉन शोषून घेतं. मीडियातलं प्रमाण घटतं आणि चांगलं औषधही कमजोर दिसतं. औषधाच्या चाचणीत मला हे अजिबात चालत नाही. तिथे मी अगारोजच घेते. त्याला पेशी चिकटत नाहीत, लेप लागत नाही. फक्त ते नाजूक. पिपेटचं टोक लागलं की फाटतं, आणि दर प्रयोगाला नवं ओतावं लागतं.

तिला तर कॅन्सरच्या पेशींवर औषधच तपासायचं होतं. चकती मी फेकू दिली नाही. १२१ अंशांवर ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक केली, वर अगारोज ओतलं, सोडवलेलं जेल मीडियात भिजवून पेशी टाकल्या. तिसऱ्या दिवशी तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. खळग्याखळग्यात एकेक गोल गोळा बसला होता.