म्हाताऱ्या माणसांचं ऐकून घेणं ट्रेनिंगमध्ये आलं कुठून?

केअरगिव्हरच्या ट्रेनिंगमध्ये ॲक्टिव्ह लिसनिंग हा शब्द हमखास येतो, पण गंमत म्हणजे या शब्दाचा वृद्धांशी मुळात काही संबंधच नव्हता. १९५७ मध्ये अमेरिकेत कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी या नावाची छोटी पुस्तिका काढली, ती शिकागो युनिव्हर्सिटीच्या औद्योगिक संबंधांच्या सेंटरकडून. म्हणजे कामगार तक्रार घेऊन आला की सुपरवायझरने लगेच सल्ला द्यायचा नाही, शब्दांमागची भावना पकडायची, आपल्याला काय कळलं ते त्यालाच परत सांगून खात्री करायची, असं सगळं.

त्या काळात म्हातारा माणूस जुन्या आठवणी काढत बसला की भ्रम झालाय, आता असंच चालायचं असं समजायचे. १९६३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलरने हे उलटं करून सांगितलं, की शेवट जवळ दिसायला लागल्यावर माणूस आयुष्याचा हिशेब लावतो, ते नैसर्गिक आहे. म्हणजे ‘हे तर कालच सांगितलंत की’ म्हणून गप्प करायचं नाही.

खरी पंचाईत डिमेन्शियात होते, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज हळूहळू जात राहते त्या आजारात. पंच्याऐंशी वर्षांची बाई विचारते, माझी आई कुठेय? १९५० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या रिअ‍ॅलिटी ओरिएंटेशन पद्धतीचा भर फळ्यावर वार-तारीख लिहिणं, खरं काय ते सांगत राहणं यावर होता, आणि मग ‘आई वारली’ हे ऐकून ती बाई दर वेळी नव्याने रडणार. नेओमी फाइलला वृद्धाश्रमात काम करताना हे पटेना, तिने व्हॅलिडेशन पद्धत काढली, ज्यात दुरुस्ती नाही आणि खोटंही नाही, ‘आईची आठवण येतेय का, कशी होती ती?’ एवढंच. अभ्यासांमध्ये या पद्धतीचा फायदा ठामपणे सिद्ध झालेला नाही हेही खरंय, पण निदान त्या बाईला परत परत धक्का तरी बसत नाही, मला तेवढं पुरे वाटतं.

पुढे १९९० च्या आसपास इंग्लंडात ब्रॅडफर्ड युनिव्हर्सिटीच्या टॉम किटवुडने रॉजर्सचाच व्यक्तिकेंद्री (म्हणजे आधी माणूस, मग आजार) हा शब्द डिमेन्शियाच्या देखभालीत आणला, आणि पेशंटच्या डोक्यावरून आपसात बोलणं, त्याला लहान मुलासारखं वागवणं, दुर्लक्ष करणं यांची चक्क यादीच केली. चांगल्या मनाच्या कर्मचाऱ्यांकडूनही हे होतं असं त्याचं म्हणणं, आणि ते वाचताना जरा ओशाळायला होतं.