हिस्पॅनिक घरांची मिळकत मोजताना

अमेरिकेच्या 2020 च्या जनगणनेत 6 कोटी 21 लाख लोकांनी आपण हिस्पॅनिक किंवा लॅटिनो, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक किंवा लॅटिन अमेरिकी मुळांचे, असल्याची नोंद केली. त्यांतला साधारण दर तिघांत एक परदेशात जन्मलेला, बाकीचे तिथलेच. मग स्थलांतरितांची घरं जास्त गरीब की तिथे जन्मलेल्यांची? उत्तर कोण काय मोजतंय त्यावर बदलतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. लॉस एंजेलिसमध्ये सहा माणसांचं स्थलांतरित घर. वडील बांधकामावर, आई घरकामाला, मामा हॉटेलच्या किचनमध्ये; तिघांचे मिळून वर्षाला 66 हजार डॉलर. शेजारी अमेरिकेत जन्मलेल्यांचं तीन माणसांचं घर. कमावणारी एकटी बाई, पगार 60 हजार. घरटी पाहिलं तर पहिलं घर वरचढ. माणशी भागा, 11 हजार आणि 20 हजार. कमावत्या माणसामागे पाहा, 22 हजार आणि 60 हजार. स्थलांतरितांच्या घरांत एकूण माणसं जास्त असतात आणि राबणारे हातही जास्त. त्यामुळे घराची बेरीज पगारातली तफावत झाकून टाकते.

खरी गोची पुढेच आहे. पहिल्या घरातली तिन्ही मुलं अमेरिकेत जन्मली असतील, तर माणसं मोजताना ती ‘स्थानिक’ रकान्यात जातात, घर मोजताना मात्र कुटुंबप्रमुखाबरोबर ‘स्थलांतरित’ रकान्यात. हा काही नुसता आकडेतज्ज्ञांचा खल नाही; माणूस मोजायचा की घर, यावर हातात पडणारे पैसेही ठरतात. मार्च 2020 मध्ये कोविडची मदत म्हणून प्रौढांना 1,200 डॉलरपर्यंत द्यायचं ठरलं. पण एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या नवरा-बायकोंपैकी एकाकडे जरी सोशल सिक्युरिटी क्रमांक (नागरिकांना आणि कामाचा परवाना असलेल्यांना मिळणारा सरकारी क्रमांक) नसला, तरी दोघांच्याही हाती छदाम पडला नाही. अपवाद फक्त सैन्यातल्यांचा. जन्माने नागरिक असलेला जोडीदारही त्यात भरडला गेला. डिसेंबरमध्ये अट सैल झाली.

पोर्टो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतल्या कॅरिबियन बेटाची तऱ्हा उलटी. तिथले लोक 1917 पासून अमेरिकी नागरिक, त्यामुळे बेटावरून न्यूयॉर्कला आलेला माणूस स्थलांतरितांत धरलाच जात नाही. भाषेची आणि नोकरीची ओढाताण मात्र नवख्याचीच.

मिळकतीपेक्षा मालमत्तेचं चित्र जास्त बोचरं आहे. प्यू संशोधन केंद्राच्या हिशेबाने 2005 ते 2009 या काळात हिस्पॅनिक घरांची मध्यक मालमत्ता (म्हणजे कर्ज वजा जाता बरोब्बर मधल्या घराची पुंजी) 18,359 डॉलरवरून 6,325 वर आली, म्हणजे 66 टक्के घट. गोऱ्यांची घट 16 टक्के. कारण उघड आहे. हिस्पॅनिकांची पुंजी बहुतेक राहत्या घरातच अडकलेली, आणि घरांचे भाव सगळ्यात जास्त कोसळले ते कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, नेवाडा, ॲरिझोनात, जिथे त्यांची वस्ती दाट.

तिसऱ्या पिढीकडे, म्हणजे स्थलांतरितांच्या नातवंडांकडे, पाहताना तर मोजपट्टीच निसटते. ब्रायन डंकन आणि स्टीफन ट्रेहो या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं, की मेक्सिकन वंशाच्या जास्त शिकलेल्या लोकांत समाजाबाहेर लग्न करण्याचं प्रमाण जास्त, आणि अशा घरांतली बरीच मुलं स्वतःला मेक्सिकन म्हणवत नाहीत. वर चढलेले यादीतून गळतात, मागे उरलेल्यांची सरासरी काढून प्रगती खुंटल्याचा निष्कर्ष निघतो. मला हे अशा तुलनांमधलं सगळ्यात दुर्लक्षित दुखणं वाटतं.

राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये वेगळी वाट धरली. करनोंदींतून आईवडिलांचं उत्पन्न मुलांच्या उत्पन्नाशी जोडलं, तेव्हा हिस्पॅनिक मुलांची चढण गोऱ्या मुलांच्या बरीच जवळ निघाली. अर्थात कागदपत्रांविना अमेरिकेत आलेली मुलं त्या अभ्यासात धरलेली नव्हती.